हळदीकुंकू फुलपाखराची ओळख करून घ्यायचीय? मग आधी मान वर करा

फुलपाखरं बघायला नव्याने सुरुवात केलेला माणूस सहसा खाली बघत फिरतो, गवतात, फुलांच्या ताटव्यात, कुंपणाच्या कडेला, आणि ते बरोबरच आहे कारण बरीचशी फुलपाखरं तिथेच सापडतात. पण हळदीकुंकू नावाचं जे फुलपाखरू आहे ना, ते असं खाली बघून फारसं भेटत नाही. म्हणजे येतं कधीकधी फुलांवर, बसतं दोन मिनिटं, आपण मोबाईल काढेपर्यंत उडून जातं आणि मग आठवडाभर पत्ता नाही. त्याचं खरं घर डोक्यावर, झाडाच्या शेंड्याकडे आहे आणि तेही कुठल्याही झाडाच्या नाही, ज्या झाडावर बांडगूळ वाढलंय त्या झाडाच्या. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर बाकीची सगळी ओळख आपोआप सोपी होत जाते, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकली.

मी स्वतः जवळजवळ वर्षभर याला "ते एक साधं पांढरं फुलपाखरू" समजत होते. वरून उडताना पांढरंच दिसतं ना. मग एकदा सकाळी ते इक्झोराच्या फुलांवर येऊन बसलं, पंख मिटले, आणि पंखांची खालची बाजू दिसली. पिवळाधमक रंग, त्यावर काळ्या रेषा आणि कडेला लालभडक ठिपक्यांची रांग. हे तेच फुलपाखरू आहे यावर विश्वासच बसेना. तेव्हापासून हे माझं सगळ्यात आवडतं, आणि नवीन माणसाला पहिलं कुठलं फुलपाखरू नीट ओळखायला शिकवायचं असेल तर मी हेच निवडते, कारण शहरातही दिसतं, वर्षभर दिसतं, हळू उडतं आणि एकदा ओळखलं की परत विसरत नाही.

आता क्रमाने घेऊ.

पायरी १ : नाव आणि रंग डोक्यात पक्के करा

मराठीत हळदीकुंकू. इंग्रजीत कॉमन जेझबेल, आजकाल इंडियन जेझबेल असंही म्हणतात. शास्त्रीय नाव डेलियास युकॅरिस. १७७३ साली ड्रू ड्रुरी नावाच्या इंग्रज माणसाने याचं शास्त्रीय वर्णन केलं. धंद्याने तो चांदीकाम करणारा होता आणि किडे-फुलपाखरं जमवायचा प्रचंड नाद, जहाजांवरून जगभरातले नमुने मागवायचा. डेलियास या गटात जगात दोनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या खूप साऱ्या न्यू गिनीकडे आहेत, आपलं हळदीकुंकू मात्र भारत, श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड या पट्ट्यातलं. भारतात अगदी रखरखीत वाळवंटी भाग सोडला तर बहुतेक ठिकाणी आहे.

मला विचाराल तर मराठी नाव सगळ्यात उपयोगाचं, कारण त्यात अख्खं वर्णन आलं. मागच्या पंखाची खालची बाजू म्हणजे हळद, आणि त्या पंखाच्या बाहेरच्या कडेला ओळीने कुंकवाची बोटं टेकवल्यासारखे लाल ठिपके. बस. हे चित्र डोळ्यासमोर आणा आणि मग पुढचं वाचा.

पंख पसरून मोजले तर साधारण साडेसहा ते साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे मध्यम ते मोठं, तळहाताच्या रुंदीएवढं धरून चला. पुढच्या पंखाची खालची बाजू पांढरी, त्यावर जाड काळ्या शिरा, टोकाकडे पिवळसर छटा. मागचा पंख पिवळा, त्यावर काळ्या शिरा, मग एक काळी आडवी रेघ आणि त्या रेघेच्या बाहेर ते लाल ठिपके. वरची बाजू मात्र पांढरी आणि काळ्या शिरांची, तिथे लाल रंग खालून झिरपल्यासारखा फिकट गुलाबी दिसतो.

नर आणि मादीतला फरक सुरुवातीला नाही कळला तरी चालेल. ढोबळमानाने नर वरून जास्त स्वच्छ पांढरा, शिरा बारीक, आणि मादीच्या शिरांवर काळा रंग जास्त पसरलेला, त्यामुळे ती एकूणच गडद आणि धुरकट वाटते. दोन्ही एकत्र उडताना दिसले की फरक पटकन कळतो, एकेकटं दिसलं तर मीसुद्धा अजून थांबून विचार करते.

रंगांवरून एक आठवलं. हे फुलपाखरू पियरिडी कुळातलं आहे, म्हणजे आपली जी नेहमीची पांढरी-पिवळी फुलपाखरं असतात त्यांचं कूळ, आणि या कुळाच्या पंखांमधला पांढरा-पिवळा रंग टेरीन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. या द्रव्यांवर सुरुवातीचं काम फ्रेडरिक हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८९ च्या सुमारास एका पिवळ्या फुलपाखराच्या पंखांवर केलं, आणि याच माणसाला पुढे १९२९ साली व्हिटॅमिनच्या कामासाठी नोबेल मिळालं. फुलपाखराच्या पंखांपासून सुरू झालेला माणूस कुठे पोचला बघा, मला हे फार आवडतं.

पायरी २ : उडणं ओळखायला शिका

रंग दिसायला फुलपाखरू बसावं लागतं, आणि हे बसतं कमी. म्हणून उडण्यावरून ओळखायची सवय लावा, खरं सांगायचं तर अनुभवी लोक नव्वद टक्के वेळा असंच ओळखतात.

हळदीकुंकू घाईत नसतं. झाडाच्या शेंड्यांच्या उंचीवर, दोन-तीन मजल्यांच्या वर, सावकाश पंख हलवत, थोडं तरंगत, परत दोन-चार वेळा पंख मारत असं ते एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जातं. त्याच उंचीवर बाकीची पांढरी फुलपाखरं बऱ्याचदा सरळ, वेगाने, कुठेतरी जायचंय अशी जातात. हे रमतगमत जातं. आणि खालून बघताना ऊन पंखांतून आरपार आलं की मागच्या पंखाचा पिवळा रंग एकदम उजळतो, अगदी क्षणभर, पण तेवढं पुरतं.

पहिले काही दिवस फक्त एवढंच करा, गच्चीवर किंवा खिडकीत सकाळी पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि झाडांच्या शेंड्यांच्या रेषेवर नजर ठेवायची. फोटो नको, काही नको. नजर त्या उंचीला सरावली पाहिजे.

पायरी ३ : बांडगूळ शोधा

आता मुख्य पायरी. इथे जरा जास्त वेळ घेते कारण बहुतेक लोक हीच गाळतात.

बांडगूळ म्हणजे दुसऱ्या झाडाच्या फांदीवर वाढणारी वनस्पती. पूर्ण परजीवी नाही, अर्धी. तिला स्वतःची हिरवी पानं असतात, अन्न ती स्वतः बनवते, पण पाणी आणि क्षार मात्र ज्या झाडावर बसलीय त्याच्या फांदीतून ओढून घेते. जमिनीशी तिचा काही संबंधच नसतो. हळदीकुंकवाची मादी अंडी घालते ती याच बांडगुळावर, आणि अळ्या खातात तीही याचीच पानं. दुसरं झाड समोर कितीही हिरवंगार असू दे, ती तिथे अंडी घालणार नाही. म्हणून बांडगूळ आहे तिथे हळदीकुंकू असण्याची शक्यता खूप, आणि दूरदूरपर्यंत बांडगूळच नसेल तर उगाच वाट बघण्यात अर्थ नाही.

बांडगूळ ओळखायचं कसं? एका झाडावर दोन प्रकारची पानं दिसतायत का ते बघा. आंब्याच्या झाडावर हे फार कॉमन आहे, आंब्याची पानं लांब, टोकदार, गडद, आणि मधेच एखाद्या फांदीवर एक झुबका असतो ज्याची पानं जाड, चामड्यासारखी, जरा फिकट राखाडी-हिरवी, आकारही वेगळा. जवळून बघता आलं तर फांदीला तिथे गाठ आलेली दिसते. पानगळीच्या झाडांवर तर काम अजून सोपं, उन्हाळ्याच्या तोंडावर झाड अख्खं बोडकं झालेलं असतं आणि त्यावर एखाद-दुसरा हिरवा गुच्छ तसाच टिकून असतो, तो बांडगुळाचाच असणार हे समजून जायचं. फुलं आली असतील तर लांबट नळीसारखी, केशरी-लालसर छटेची, फांदीला चिकटून आलेली.

एकदा नजर बसली की मग जिथे तिथे दिसायला लागतं, रस्त्याच्या कडेच्या झाडांवर, शाळेच्या आवारात, बस थांब्याच्या वर, आणि आपण इतकी वर्षं याच्याखालून गेलो हे लक्षात येतं.

आता हे बांडगूळ एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातं कसं, तेही ऐका, कारण ही साखळी कळली की फुलपाखराच्या जागा आधीच ओळखता येतात. फुलटोचा नावाचा एक चिमुकला पक्षी आहे, अंगठ्याएवढा, सतत टिक टिक करत झाडावर फिरणारा. तो बांडगुळाची फळं खातो. फळातला गर पचतो पण बी भयंकर चिकट असतं, ते शरीरातून बाहेर पडलं तरी सुटत नाही, मग पक्षी ते फांदीवर घासून टाकतो आणि ते तिथेच चिकटून रुजतं. बांडगुळाच्या फुलांतला मध प्यायला सूर्यपक्षी येतात आणि परागीभवन करून जातात. १९३१ साली सलीम अलींनी कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात सूर्यपक्षी आणि फुलटोचे काय काम करतात यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता, म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे चांगली नव्वद वर्षांपूर्वीच नीट पाहिली गेलीय. तर सांगायचं असं की झाडावरून टिक टिक असा बारीक आवाज सारखा येत असेल तर वर बघा, तिथे बांडगूळ असू शकतं, आणि बांडगूळ असेल तर आपलं फुलपाखरूही. मी आता फुलपाखरू शोधायला कानाने सुरुवात करते.

एक बांडगुळाचं झाड सापडलं की ते "आपलं झाड" ठरवून टाका. रोज नाही जमलं तरी आठवड्यातून दोनदा त्याच्याखाली जायचं. दहा वेगवेगळ्या ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एकाच झाडाखाली दहा वेळा गेलात तर कितीतरी जास्त शिकाल.

पायरी ४ : वेळ आणि फुलं

फुलपाखरांना उडायला शरीर गरम लागतं, त्यामुळे ऊन आल्यावर. साधारण सकाळी ८ ते ११ ही वेळ उत्तम, ढगाळ दिवशी जाऊ नका, पाऊस थांबून ऊन पडलं की लगेच जा. वर्षभर दिसतात, पण पावसाळा सरत आला की पुढचे काही महिने मला तरी सगळ्यात चांगले वाटतात.

फुलांवर जवळून बघायचं असेल तर घाणेरी, इक्झोरा, पेंटास, झिनिया अशी झुबक्याने येणारी फुलं जिथे असतील आणि शेजारी उंच झाडं असतील तिथे थांबा. नुसता बगीचा पुरत नाही, बगीच्याच्या शेजारी झाडं पाहिजेत. फुलावर बसलं की ते सहसा पंख मिटून बसतं, म्हणजे रंगीत बाजू आपल्याकडे, आणि मध पिताना बऱ्यापैकी रमतं. अशा वेळी झपकन पुढे जाऊ नका, तुमची सावली त्याच्यावर पडली की गेलंच ते. खाली वाकून, हळू, एकेक पाऊल.

जवळ जायला मिळालं तर पाय मोजा. हळदीकुंकू सहा पायांवर उभं असतं. तुम्ही म्हणाल कीटक आहे म्हटल्यावर सहाच असणार, पण बऱ्याच मोठ्या रंगीत फुलपाखरांचे पुढचे दोन पाय इतके आखूड झालेले असतात की ती चार पायांवरच उभी दिसतात. पियरिडी कुळात तसं नाही.

पायरी ५ : सारख्या दिसणाऱ्यांपासून वेगळं काढा

गोंधळ होतो तो मुख्यतः दोघा-तिघांमुळे.

सगळ्यात अवघड पेंटेड सॉटूथ. दक्षिणेकडच्या दमट जंगलांत आणि श्रीलंकेत असतं, आणि हळदीकुंकवासारखं इतकं दिसतं की फोटो शेजारी ठेवूनही पहिल्यांदा फरक सापडत नाही. तेही पियरिडीच, पण वेगळ्या गटातलं. बघायची जागा एकच, ते लाल ठिपके. हळदीकुंकवाचे ठिपके बाणाच्या टोकासारखे, निमुळते होत जाणारे असतात आणि सॉटूथचे चौकोनी, विटांसारखे. सॉटूथ उडतंही जोरात, त्याला ती रमतगमत चाल नीट जमत नाही. शहरात, घराजवळ बघत असाल तर ते हळदीकुंकूच असणार असं समजायला हरकत नाही, जंगलात मात्र ठिपके तपासल्याशिवाय नाव लिहू नका.

दुसरं पायोनियर. हे बरंच लहान, पांढरं, काळपट शिरांचं, आणि खालून पिवळसरही असतं, म्हणून दुरून फसवतं. पण त्याला लाल ठिपके नाहीत आणि ते खाली, मोकळ्या माळावर, झुडपांवर जास्त दिसतं. कुंकू नाही तर हळदीकुंकू नाही, इतकं सोपं.

ईशान्य भारतात आणि पूर्वेकडे पेंटेड जेझबेल, रेड-बेस जेझबेल अशी याच गटातली दुसरी भावंडं भेटतात, तिकडे राहत असाल तर चांगलं चित्रांचं गाईड जवळ ठेवा. बाकीच्यांनी आत्ता याची काळजी करू नये.

पायरी ६ : एवढा भडक रंग कशाला, हे समजून घ्या

ही पायरी बघण्याची नाही, विचार करण्याची आहे, पण हिच्याशिवाय ओळख अर्धी राहते.

साधा प्रश्न आहे, हळू उडणारं, मोठं, भडक रंगाचं फुलपाखरू पक्ष्यांच्या तावडीतून वाचतं कसं? तर ते चवीला वाईट असतं. अळी असताना बांडगुळातून अंगात आलेली द्रव्यं मोठेपणीही त्याला बेचव बनवतात असं मानलं जातं. एखाद्या नवशिक्या पक्ष्याने एकदा चोच मारली की त्याला तो पिवळा-लाल रंग लक्षात राहतो आणि पुढच्या वेळी तो नाद करत नाही. म्हणजे रंग ही पाटी आहे, मला खाऊ नका म्हणून लावलेली. आणि आता सगळं जुळतं बघा, बसताना पंख मिटलेले असतात म्हणून भडक रंग खालच्या बाजूला, आणि पळून जायची घाई नाही म्हणून उडणं सावकाश. सुरुवातीला मी हे दोन वेगवेगळे गुण म्हणून पाठ केले होते, एकाच कारणाची ही दोन टोकं आहेत हे कळल्यावर पाठ करायची गरजच उरली नाही.

आणि वरचं ते पेंटेड सॉटूथ? ते या पाटीची नक्कल करतं असं मानतात. हेन्री वॉल्टर बेट्स हा निसर्गअभ्यासक अॅमेझॉनच्या जंगलात बरीच वर्षं राहिला आणि १८६२ साली त्याने मांडलं की खाण्याजोगी फुलपाखरं बेचव फुलपाखरांसारखी दिसत गेली तर पक्षी त्यांनाही सोडून देतात. तेच तत्त्व आपल्याकडच्या जंगलात या जोडीत बघायला मिळतं, अॅमेझॉनला जायला नको.

पायरी ७ : अंडी, अळ्या, कोष

इथपर्यंत आलात की तुम्हाला मोठं फुलपाखरू ओळखता येतंय. आता बांडगुळाच्या त्या "आपल्या झाडा"कडे परत या. खाली आलेली, हाताच्या उंचीवरची फांदी सापडली तर नशीबच, नाहीतर दुर्बीण लागेल, ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण पुरते.

आधी मादीवर लक्ष ठेवा. ती बांडगुळाभोवती घिरट्या घालत असेल, एका पानावर टेकून लगेच दुसऱ्यावर जात असेल तर ती चव बघतेय. फुलपाखरं पायांनी चव ओळखतात, पानावर पाय टेकवून हे बरोबर झाड आहे का ते तपासतात. पान पसंत पडलं की ती बराच वेळ एकाच जागी थांबते. ती उडून गेल्यावर ते पान बघा.

अंडी एकटीदुकटी नसतात, झुबक्याने असतात, उभी, लांबट, बाटलीच्या आकाराची, पिवळसर, आणि एकमेकींपासून थोडं थोडं अंतर ठेवून मांडलेली, कुणीतरी निगुतीने रांगोळीचे ठिपके काढावेत तशी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी किती वेळ तिथेच उभी होते मला आठवत नाही.

अळ्या बाहेर आल्यावर एकत्रच राहतात. ओळीने पानाच्या कडेवर बसून खायचं, एक पान संपलं की सगळ्यांनी मिळून पुढच्यावर जायचं. रंग तेलकट पिवळसर तपकिरी, डोकं काळपट, अंगावर लांब पांढरे विरळ केस. थोडा धक्का लागला की काही जणी रेशमाचा धागा सोडून खाली लोंबकळतात आणि धोका टळला की त्याच धाग्यावरून परत वर. झाडाखाली चालताना हवेत लटकलेली अळी दिसली तर वर मान करून बघा, कुठून आली ते.

केस आहेत म्हणून घाबरून मारू नका, ही विनंती. आणि हात लावायचीही गरज नाही, नुसतं बघा.

कोष पिवळाधमक, त्यावर काळे ठिपके आणि छोटे टोकदार उंचवटे. शेपटाकडून चिकटलेला आणि कमरेभोवती रेशमाचा एक बारीक पट्टा बांधलेला, असा कमरपट्टा पियरिडी कुळातल्या कोषांना असतो. पानांवर असतो, पण अळ्या फिरत फिरत खोडावर, जवळच्या भिंतीवर, गेटवरही जाऊन कोष करतात, त्यामुळे बांडगुळाच्या झाडाशेजारची भिंत आवर्जून तपासा. कधी कधी जवळजवळ बरेच कोष एकत्र सापडतात.

तारखा लिहून ठेवा, अंडी दिसली तो दिवस, अळ्या बाहेर आल्या तो दिवस, कोष झाला तो दिवस, कोषाचा रंग बदलून आतले पंख दिसायला लागले तो दिवस. फुलपाखरू बाहेर पडतं ते सहसा सकाळी लवकर, त्यामुळे कोष गडद झाला की दुसऱ्या दिवशी उजाडताच तिथे हजर राहा. ओले, चुरगळलेले पंख हळूहळू ताठ होत जातात आणि तुम्ही समोर उभे असता, यापुढे मी काही वर्णन करत नाही, बघाच.

सगळ्या अळ्यांचं फुलपाखरू होत नाही. गांधीलमाश्यांसारखे छोटे कीटक आणि काही माश्या अळ्यांमध्ये अंडी घालतात आणि आतून अळी संपते. वाईट वाटतं, पण त्यात पडू नका.

अळ्या घरी आणून वाढवू का, असं खूप जण विचारतात. या जातीच्या बाबतीत मी नको म्हणते. रोज ताजं बांडगूळ लागतं, ते कुंडीत लागत नाही, तोडून आणलेली फांदी लवकर सुकते आणि अळ्या दुसरं काही खात नाहीत. मग उपाशी मरतात. झाडावरच राहू द्या.

पायरी ८ : फोटो आणि नोंद

फोटो थोडक्यात सांगते. पंख मिटलेले असताना, बाजूने, कॅमेरा पंखाला समांतर ठेवून. लाल ठिपके स्पष्ट आले की ओळख पक्की. उडतानाचा हवा असेल तर शटर स्पीड १/१००० सेकंदाच्या पुढे, म्हणजे आणखी वेगाने, न्या. उंचावरचा अस्पष्ट फोटोही नोंदीसाठी चालतो, फेकू नका.

नोंद मात्र नक्की करा. तारीख, वेळ, जागा, काय करत होतं, बांडगूळ कुठल्या झाडावर होतं. आयनॅचरलिस्ट अॅपवर टाकलीत तर बाकीचे लोक ओळख तपासून देतात, बटरफ्लाइज ऑफ इंडिया या वेबसाईटवर अंडी-अळी-कोषाचे चांगले फोटो तुलनेला मिळतात. २०२० पासून सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ होतो, त्यातही भाग घेता येतो, नवीन माणसांना सोबत मिळते. त्याच वर्षी राष्ट्रीय फुलपाखरू कुठलं असावं यासाठी लोकांचं मतदान घेतलं होतं, सात फुलपाखरं निवडून दिली होती आणि लोकांच्या पसंतीच्या पहिल्या तिघांत कृष्णा पीकॉक आणि ऑरेंज ओकलीफबरोबर आपलं हळदीकुंकू होतं. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन आहे, २०१५ पासून, तेही देखणं आहे यात वाद नाही, पण मनातल्या मनात माझं मत कुणाला ते तुम्हाला कळलंच असेल.

पायरी ९ : त्याची जागा राखा

बांडगूळ झाडाला त्रास देतं हे खरं आहे. जास्त झालं तर फांदी वाळते, आंब्याला फळ कमी लागतं, त्यामुळे बागायतदार ते काढतात आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही. पण जिथे फळासाठी झाड नाही, नुसतं सावलीचं आहे, आवारातलं आहे, तिथे एखाद-दुसरा झुबका ठेवायला काय हरकत आहे? आम्ही राहायचो त्या आवारात एका साफसफाईच्या दिवशी सगळी बांडगुळं एका झटक्यात छाटली गेली, मी घरी आले तेव्हा फांद्या ढिगाने खाली पडल्या होत्या आणि त्यांच्यावर अळ्या तशाच ओळीने बसून सुकत चाललेली पानं खात होत्या. जितक्या फांद्या उचलता आल्या तितक्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरच्या बांडगुळाच्या झाडाला नेऊन बांधल्या, पान पानाला टेकेल अशा, म्हणजे अळ्या आपण होऊन पलीकडे जातील. निम्म्या तरी गेल्या असतील.

तुमच्याकडे असं काही व्हायचं असेल तर आधी बोला. सगळं काढू नका, वरचे एक-दोन झुबके राहू द्या असं सांगितलं तर लोक बहुतेक वेळा ऐकतात, विशेषतः त्यांना आधी एकदा अळ्या दाखवल्या असतील तर. काढायचंच असेल तर छाटण्याआधी पानांवर अंडी-अळ्या आहेत का आणि खोडावर कोष आहेत का ते बघा, असतील तर काही दिवस थांबायला सांगा. फवारणी करणार असतील तर फुलांच्या झाडांवर तरी नको म्हणा, मोठी फुलपाखरं तिथेच येतात. आणि छाटलेल्या फांदीवर अळ्या सापडल्याच तर दुसरं बांडगूळ कुठे आहे हे तुम्हाला आधीच माहीत असायला हवं, म्हणून पायरी ३ मध्ये एकावर थांबू नका, आसपासची दोन-तीन झाडं बघून ठेवा.